सूर्यफुलानं पाठ फिरवली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, १९९७ सालची गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात गणपतीच्या दिवसांत कविसंमेलन होतं. मी तेव्हा नवखा कवी होतो. एक कविता वाचली. तिच्यात एक सूर्यफूल होतं. ते सकाळी पूर्वेकडे बघायचं, दुपारी मान वर करायचं आणि संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून निरोप द्यायचं. टाळ्या बऱ्या पडल्या. चहाच्या वेळी एक शेतकरी गृहस्थ जवळ आले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. पन्नाशीचे असतील. ते म्हणाले, "कविता चांगली हाय भाई, पर फूल तसं करीत न्हाई. उद्या मुक्काम हाय न्हवं? सांजच्याला शेताकडं या."

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास गेलो. दोन एकरांत सूर्यफूल ऐन भरात होतं. सूर्य मावळतीला कलला होता आणि ती सगळी फुलं, एकूण एक, पूर्वेकडे तोंड करून उभी होती. उन्हाला त्यांची पाठ होती. फुलांच्या हिरव्या मागच्या बाजूंवर ऊन पडलं होतं. भरलेल्या सभेनं वक्त्याकडे पाठ फिरवून बसावं तसं ते दृश्य होतं, आणि तो वक्ता मी होतो.

आप्पांनी मला बांधाच्या पलीकडे नेलं. तिथं उशिरा पेरलेला तुकडा होता. झाडं कंबरेएवढी, अजून फूल उमललेलं नाही, नुसती कळी. त्या सगळ्या कळ्यांच्या माना मात्र मावळतीकडे वळलेल्या. आप्पा म्हणाले, "ही पोरं फिरत्यात. फूल झालं की थांबत्यात." मी विचारलं, "असं का हो आप्पा?" त्यावर ते म्हणाले, "त्ये तुमी शिकल्याल्या मान्सांनी सांगायचं."

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण आप्पांचा तो प्रश्न मागं लागला तो लागलाच. गेली पंचवीसेक वर्षं जमेल तसं वाचत आलो. आज त्यातलंच थोडं सांगणार आहे.

आधी एक कबुली. ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. उर्दूत या फुलाला सूरजमुखी म्हणतात, म्हणजे सूर्याकडे तोंड असलेलं. फारसीत तर आफताबगर्दान, सूर्याबरोबर फिरणारं. मराठी शब्द तेवढा सावध आहे. सूर्यफूल एवढंच म्हणतो, ते काय करतं याबद्दल काही बोलत नाही.

आता मुळाशी जाऊ. झाड उजेडाकडे वळतं हे कोण बघत नाही? आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकच धड खिडकी होती. तिच्यात अम्मानं सब्जा लावला होता, डालड्याच्या डब्यात. सब्जा म्हणजे तुळशीचीच बहीण. फालुद्यात जे काळे बुळबुळीत दाणे पडतात ते हिचं बी. ते रोप आठ दिवसांत खिडकीच्या गजांकडे असं झुकायचं, की आता डबा सोडून निघतंय. मग अम्मा म्हणायची, "जरा डब्बा फिरा दे बेटा." मी डबा अर्धा फिरवायचो. पुढच्या आठ दिवसांत सब्जा पुन्हा वळून गजांशी हजर.

हे बघून आपल्याला काय वाटतं? उजेड रोपाला ओढतो. किंवा रोपाला उजेडाची ओढ असते. आम्हा कवींना तर दुसरं काही सुचतच नाही. शाळेच्या पुस्तकातही 'प्रकाशानुवर्ती हालचाल' असा शब्द येतो आणि आपण तो पाठ करून पुढे जातो. पण वळतं म्हणजे नेमकं काय होतं? रोपाला ना स्नायू ना सांधे. लवायचं कशाच्या जोरावर?

हा प्रश्न ज्यांनी चिकाटीनं धरला त्यांत एक होते चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे तेच. उतारवयात ते आपल्या घरी, मुलगा फ्रान्सिस याच्यासोबत, रोपांच्या हालचाली बघत बसायचे. १८८० साली दोघांच्या कामाचं पुस्तक निघालं, तेव्हा थोरले डार्विन ७१ वर्षांचे होते. त्यांनी वापरलं होतं एक गवत, ज्याचं बी पिंजऱ्यातल्या पाखरांना घालतात. गवत, गहू, ज्वारी, मका यांचा दाणा उगवला की आधी एक सुईसारखा कोंब वर येतो. तो बाहेरून बंद असतो. म्यानात तलवार असावी तसं त्याच्या आत पहिलं पान गुंडाळलेलं असतं. हे म्यान उजेडाला फार हळवं. खोलीत एका बाजूला मिणमिणता दिवा ठेवला तरी काही तासांत तिकडे वळतं.

डार्विन बापलेकांनी काय केलं, तर काही कोंबांच्या शेंड्यांवर कथिलाच्या पातळ पत्र्याच्या टोप्या घातल्या. उजेड शेंड्यावर पडायचा नाही, बाकी सगळ्या अंगावर पडायचा. ते कोंब सरळच वाढले. मग कोणाला वाटेल, टोपीच्या ओझ्यानं तसं झालं असेल. म्हणून काहींवर पारदर्शक काचेच्या टोप्या घातल्या. ते वळले. पुढे काही कोंब बारीक काळ्या वाळूत गळ्यापर्यंत पुरले, फक्त शेंडा उघडा. तरीही वाळूत दडलेला खालचा भाग वळला! ज्या भागाला उजेड दिसलाच नाही, तो उजेडाच्या दिशेनं लवला.

म्हणजे बघणारा वेगळा आणि वळणारा वेगळा. बघतो शेंडा, लवतो त्याच्या खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जातो. तो कसला, हे डार्विनना कळलं नाही, आणि त्यांनी तसं स्वच्छ लिहिलं. वरच्या भागातून खाली काहीतरी प्रभाव पोचतो, एवढंच ते म्हणाले. जर्मनीतले त्या काळचे बडे वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस झाक्स यांनी या घरगुती प्रयोगांना नाकं मुरडली. गंमत अशी की, फ्रान्सिस याच झाक्सच्या प्रयोगशाळेत शिकून आला होता.

हा प्रयोग मी आणि माझ्या मुलीनं घरी करून पाहिला. वाटीत ओल्या कापसावर गहू टाकले आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या टोप्या केल्या. पहिल्या खेपेला फसलो. उशीर झाला होता, म्यान फोडून पान बाहेर आलं होतं. दुसऱ्या खेपेला तिसऱ्याच दिवशी टोप्या घातल्या, तर अर्ध्या रात्रीतून गळून पडल्या. तिसऱ्या खेपेला वाटी बुटाच्या खोक्यात ठेवून एका बाजूला भोक पाडलं. बारा कोंबांपैकी टोपी टिकलेले चार होते आणि ते चारही सरळ उभे होते. बाकीचे आठ भोकाकडे झुकलेले. मुलगी म्हणाली, "अब्बा, यांचे डोळे बांधलेत." मी तिला म्हटलं, डार्विनला एवढं सोपं लिहिता आलं नाही.

निरोपाची गोष्ट पुढे नेली डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेन यांनी, १९१० ते १९१३ च्या दरम्यान. त्यांनी कोंबाचा शेंडा कापला आणि मधे जिलेटिनचा थर ठेवून तो परत बसवला. कोंब वळला. म्हणजे निरोप थरातून झिरपला. तो स्पर्शाचा झटका नव्हता, विरघळणारी वस्तू होती. मग त्यांनी अभ्रकाचा पातळ तुकडा कोंबात एकाच बाजूनं अर्धा खुपसला. अभ्रकातून काही झिरपत नाही. तुकडा उजेडाच्या बाजूला असला तर कोंब नेहमीसारखा वळायचा. सावलीच्या बाजूला असला तर वळायचा नाही.

श्रोतेहो, इथं जरा थांबू या, कारण माझ्या कवितेचं खरं पानिपत इथं झालं. निरोप उजेडाच्या बाजूनं खाली येत नव्हता, सावलीच्या बाजूनं येत होता. म्हणजे उजेडाची बाजू काही विशेष करतच नाही. काम करते ती अंधारातली बाजू. ती जास्त वाढते. एक बाजू लांब झाली, दुसरी तेवढीच राहिली, तर काठी कुठं लवेल? आखूड बाजूकडे. शिंप्याच्या हातून शिवणीत एक कापड जास्त सैल आलं की सगळी शिवण गोळा होऊन एका बाजूला वळते, तसंच. सब्जा खिडकीकडे जात नव्हता. खिडकीकडे पाठ असलेली त्याची बाजू, खोलीच्या अंधारातली बाजू, त्याला मागून ढकलत होती.

बुडापेस्टच्या पाल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणखी पुढची पायरी गाठली. शेंडा कापून तो मधोमध न ठेवता एका कडेला सरकवून ठेवला, तोही पूर्ण अंधारात. कोंब विरुद्ध बाजूला वळला. उजेडाचा पत्ता नाही आणि तरी वळण! ज्या बाजूला शेंड्याचा रस उतरला ती बाजू वाढली.

आता तो रस हाती लागायला हवा होता. तो लागला हॉलंडमधल्या उट्रेख्ट गावात, फ्रिट्स वेंट नावाच्या तरुणाच्या. त्याचे वडील तिथंच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पोराची तेव्हा सक्तीची लष्करी नोकरी चालू होती, त्यामुळे दिवसा कवायत आणि रात्री प्रयोगशाळा. तिथं लाल दिव्याच्या उजेडात काम चालायचं, कारण लाल उजेडाला हे कोंब वळत नाहीत. त्यानं ओटच्या कोंबांचे शेंडे कापून आगारच्या चकतीवर काही वेळ ठेवले.

आगार म्हणजे काय? आमच्याकडे रमजानात प्रत्येक घरात असतं ते. चायना ग्रास! दुधात शिजवून, ताटात ओतून, थंड झालं की त्याच्या वड्या पाडतात. वेंटनंही वड्याच पाडल्या, फक्त मुंगीएवढ्या. शेंडे टाकून दिले आणि रस झिरपलेली वडी बिनशेंड्याच्या कोंबाच्या एका कडेला ठेवली. अंधारात कोंब वळला. कोऱ्या आगारची वडी ठेवली तर काही होत नव्हतं. १९२६ च्या एप्रिलमधली ही गोष्ट. पहाटे तीनला पोरगा धावत घरी गेला आणि त्यानं वडिलांना उठवलं. झोपेतल्या प्राध्यापकांनी सांगितलं, छान झालं, उद्या पुन्हा करून बघ, खरं असेल तर पुन्हा होईलच. असा बाप मिळणं हीसुद्धा शास्त्रज्ञाची पुण्याईच म्हणायची.

पुन्हा केलं आणि पुन्हा झालं. एवढंच नव्हे तर, ठरावीक मर्यादेपर्यंत, जितका रस जास्त तितकं वळण जास्त. म्हणजे वळणाचा कोन मोजून रसाचं माप काढता येऊ लागलं. त्याच सुमारास कीव्हमध्ये खोलोद्नी नावाचे शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. म्हणून आजही हा सिद्धांत दोघांच्या नावानं ओळखला जातो. रसाला नाव मिळालं ऑक्झिन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाढणं. झाडाच्या अंगात तो इतका थोडा असतो, की रसायनशास्त्रज्ञांना तो शुद्ध रूपात काढताना नाकी नऊ आले. शेवटी १९३०च्या दशकात उट्रेख्टमध्येच तो सापडला कशात, तर माणसाच्या मूत्रात! तिथं तो पुरेसा मिळाला आणि त्याची घडण कळली.

हा रस नेमकं करतो काय? झाडाची प्रत्येक पेशी सायकलच्या चाकासारखी समजा. आत पाण्यानं तट्ट फुगलेली ट्यूब, बाहेर टणक टायर. ट्यूब सतत बाहेर रेटत असते, टायर तिला धरून ठेवतो. ऑक्झिन आलं की पेशी आपल्या भिंतीत आम्ल सोडते, भिंत जरा सैल पडते आणि आतल्या पाण्याच्या रेट्यानं पेशी ताणली जाते. मग भिंतीत नवा माल भरला जातो आणि ताण कायमचा होतो. नव्या पेशी लगेच तयार होण्याची गरज नाही, आहेत त्याच लांबतात. म्हणून हे वळण तासाभरातही दिसू शकतं.

पण उजेड एका बाजूनं आला की रस दुसऱ्या बाजूला जास्त कसा जातो? उजेडाच्या बाजूचा रस जळून जातो की काय? ही शंका अनेक वर्षं होती. १९५७ साली विन्स्लो ब्रिग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या कोंबांवर ती फेडली. अंधारातल्या शेंड्यातून जेवढं ऑक्झिन मिळतं तेवढंच उजेडातल्या शेंड्यातूनही मिळतं. नष्ट काही होत नाही, फक्त वाटणी बदलते. सावलीच्या वाट्याला जास्त येतं. शेंड्याच्या मधोमध पातळ पडदा घालून दोन बाजू पुऱ्या तोडल्या, की ही अदलाबदलच थांबते.

या ब्रिग्जची चिकाटी बघा. चाळीस वर्षांनी, १९९७ साली, याच माणसाच्या प्रयोगशाळेनं झाडाच्या 'डोळ्या'चं जनुक शोधलं. म्हणजे ज्या साली आप्पांनी मला शेतात नेलं त्याच साली. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर ते काम झालं. पेशीत एक प्रथिन असतं, त्याला पुढे फोटोट्रोपिन नाव दिलं. त्यावर निळा उजेड पडला की ते जागं होतं. लालकडे ते ढुंकून बघत नाही, म्हणून वेंटचा लाल दिवा चालला. उजेडाकडच्या पेशींत ते जास्त जागं होतं, पलीकडच्या पेशींत कमी. या फरकावरून ऑक्झिन पलीकडे सारणाऱ्या पंपांना इशारा मिळतो.

इथं मला एक साधी अडचण वाटायची. कोवळा देठ केवढा? काडीएवढा. त्यातून उजेड आरपार जात नाही का? मग एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत असं होईल कसं? याचं सुंदर उत्तर २०२३ साली स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातून आलं. पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर उजेड विखुरतो. साबणाचं पाणी पारदर्शक असतं, पण त्याचा फेस पांढरा दिसतो, तो याच कारणानं. तिथल्या संशोधकांना एक विचित्र रोप सापडलं. त्याच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलेलं होतं. तेल लागलेल्या कागदासारखा त्याचा देठ आरपार दिसायचा. त्या रोपाला उजेड कुठून येतोय हेच नीट कळत नव्हतं, आणि ते धड वळत नव्हतं. उजेडाची दिशा समजायला अंगात थोडा अपारदर्शकपणा लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पूर्ण अंधारात काय होतं? ते आपल्याकडे दरवर्षी घरोघर दिसतं. नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतात. आमच्या शेजारी कुलकर्णीवहिनींच्या देवघरातलं ते धान मी लहानपणापासून बघत आलो. नऊ दिवसांत वीतभर उंच, नाजूक, पिवळंधमक. दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोवून पुरुष मंडळी सोनं द्यायला आमच्याकडे यायची. तेच धान्य अंगणात पेरलं तर नऊ दिवसांत बुटकं, जाड आणि हिरवं दिसतं. देवघराच्या मंद उजेडात ते उंच का होतं? कारण बीला वाटतं आपण अजून मातीखालीच आहोत. दाण्यात साठवलेली शिदोरी मोजकी असते. ती हिरवा रंग करण्यात, पानं पसरण्यात खर्च करायची नाही. सगळी उंचीवर लावायची आणि उजेड गाठायचा. तो गाठण्याआधी शिदोरी संपली तर रोप मेलं. उजेड मिळाला की वाढीला लगाम बसतो आणि हिरवं व्हायला सुरुवात होते. तेव्हा उजेडामुळे झाड उंच होतं, हा आपला समज अर्धाच खरा आहे. अन्न उजेडातून मिळतं, पण लांबण्याची घाई अंधारात जास्त असते.

दाट पेरलेलं पीक किडकिडीत वाढतं तेही याच्या जवळचं. पान लाल रंग खातं आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल सोडून देतं. शेजाऱ्याच्या पानांवरून तसा उजेड आला की रोपाला कळतं, गर्दी होतेय. प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच ते उंच व्हायला लागतं.

ऑक्झिनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोपवाटिकेत फांदी ज्या पावडरीत बुडवून लावतात, तिच्यात त्याच जातीचं रसायन असतं, त्यानं मुळं फुटतात. आणि उसात, गव्हात रुंद पानांच्या तणावर फवारतात ते टू-फोर-डी, तेही कृत्रिम ऑक्झिनच. तणाला ते इतकं मिळतं की त्याची वाढच पिसाटते, देठ पिळवटतात, आणि तण मरतं. कापूस आणि द्राक्ष या फवाऱ्याला भलतेच हळवे. वाऱ्यानं थोडे तुषार शेजारच्या रानात गेले तरी पानं आक्रसून पंजासारखी होतात. त्यावरून बांधाबांधाला भांडणं झालेली मी ऐकली आहेत. जो निरोप चार बोटांच्या कोंबात वरून खाली जायचा, तोच डब्यात भरून विकायला आला, त्याचं हे असं झालं.

आता आप्पांचं उत्तर. ते मिळायला २०१६ साल उजाडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या स्टेसी हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यफुलावरचं काम प्रसिद्ध केलं. कोवळ्या झाडाच्या देठाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त वाढते, म्हणून मान पश्चिमेकडे जाते. रात्री पश्चिमेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून पहाटेपर्यंत मान पुन्हा पूर्वेला येते. लक्षात घ्या, रात्री सूर्य नाही, तरी झाड परत फिरतं आणि तो उगवण्याआधी त्याच्या वाटेवर तोंड करून तयार असतं. त्याच्या अंगात चोवीस तासांचं घड्याळ आहे. बंद खोलीत, डोक्यावर एकच स्थिर दिवा लावून ठेवला तरी काही दिवस ते तसंच डोलत राहिलं. कृत्रिम दिवस तीस तासांचा केला तेव्हा मात्र ते गोंधळलं.

मग काही कुंड्या त्यांनी रोज संध्याकाळी फिरवून ठेवल्या, सकाळी झाडाचं तोंड उलट्या दिशेला राहील अशा. त्या झाडांची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली. हे वाचलं आणि मला अम्माचा डबा आठवला. पण आम्ही आठवड्यातून एकदा फिरवायचो, आणि सब्जा काही सूर्यफूल नव्हे. सूर्यफुलाची ही रोजची फेरी खिडकीतल्या रोपाच्या वळणासारखी नाही, तिच्यामागची जुळणी वेगळी आहे, असं त्याच प्रयोगशाळेला २०२३ साली दिसून आलं. तिचं सगळं कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि फूल झाल्यावर ते थांबतं का? कारण देठाची वाढ थांबते. वळणं हेच मुळी वाढणं आहे. वाढ संपली की वळण संपलं. थांबतं ते पूर्वेकडे, कारण सकाळच्या उन्हाला झाडाचा प्रतिसाद जास्त जोरकस असतो. त्याचा फायदाही आहे. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं. कुंड्या फिरवून पश्चिमेकडे तोंड केलेल्या फुलांच्या मानानं त्यांच्यावर सकाळी पाचपट मधमाश्या आल्या. पश्चिमेकडच्या फुलांना छोट्या हीटरनं ऊब दिली, तर तिथंही माश्या वाढल्या.

त्या दिवशी मी आप्पांना फोन लावला. एवढ्या वर्षांत दोन-चारदा बोलणं झालं होतं. सगळं समजावून सांगितलं. घड्याळ, ऊब, मधमाश्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "माशा सकाळच्या पारी येत्यात, ह्ये ठावं हुतं." मी म्हटलं, आता पुन्हा येतो सूर्यफूल बघायला. तर म्हणाले, "कुठलं सूर्यफूल भाई? कवाच गेलं. पाखरं खायची, भाव मिळंना. आता समदं सोयाबीन हाय."

मी गप्प झालो. ती कविता पहिल्या संग्रहात तशीच छापली गेली आहे. दुसरी आवृत्ती निघाली असती तर दुरुस्त केली असती, पण कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघायला सूर्य पश्चिमेला उगवावा लागतो.

थोड्या वेळानं आप्पाच म्हणाले, "सोयाबीन बी फिरतंय की. पाऊस लांबला की दुपारच्याला पानं उलटी करतंय. समदं रान पांढरं दिसतंय लांबून." हे मला ठाऊक नव्हतं. मग वाचलं. सोयाबीनच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या होतात, आणि पान बिजागरीसारखं हलतं. ते वाढणं नव्हे, म्हणून ते आयुष्यभर उलटसुलट करता येतं. पाणी भरपूर असेल तेव्हा पान उन्हाला सामोरं जातं. ताण बसला की ते उन्हाला कड दाखवतं, खालची फिकट बाजू वर येते आणि अंगावर ऊन कमी पडतं. आप्पांना लांबून पांढरं दिसतं ते हेच.

ऑगस्टमध्ये पाऊस एक-दोन आठवडे ओढ देतोच. तेव्हा या, असं आप्पांनी सांगितलं आहे. दुपारी बाराला पोचायचं, आणि टोपी घालून यायचं.